वादळं समुद्रावर, पूर झेंगझौत

२० जुलै २०२१, दुपारचे चार ते पाच. या एका तासात चीनच्या हेनान प्रांतातल्या झेंगझौ शहराच्या हवामान केंद्रावर २०१.९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तासाला १०० मिलिमीटर पडला की आपण त्याला ढगफुटी म्हणतो. इथे दोन ढगफुट्या एकाच तासात कोंबल्यासारखं झालं. चीनच्या मुख्य भूमीवर नोंदलेला हा तासाभराचा सर्वांत मोठा पाऊस. याआधीचा विक्रम १९८.५ मिलिमीटरचा होता आणि तोही हेनानमधलाच, ऑगस्ट १९७५ चा. झेंगझौ केंद्राचा स्वतःचा जुना उच्चांक तर जेमतेम ७९.४ होता. (हेनान म्हणजे दक्षिणेकडचं हैनान बेट नव्हे. नकाशात शोधायचं तर पिवळ्या नदीच्या काठी, समुद्रापासून बऱ्याच आत.)

१७ तारखेच्या रात्रीपासून २० तारखेच्या रात्रीपर्यंत, म्हणजे तीन दिवसांत, या शहरात ६१७.१ मिलिमीटर पाऊस झाला. वर्षाची सरासरी ६४०.८ आहे.

आता त्याच संध्याकाळचा मोठा नकाशा समोर घ्या. पश्चिम प्रशांत महासागरात दोन चक्रीवादळं होती. पहिलं इन-फा. ओकिनावाच्या दक्षिणेला आणि तैवानच्या पूर्वेला ते रेंगाळत पश्चिमेकडे सरकत होतं. झेंगझौ तिथून दीड हजार किलोमीटरहून जास्त लांब. दुसरं चेम्पाका, आकाराने लहान, ग्वांगडोंगच्या किनाऱ्याजवळ आलेलं. त्याचंही झेंगझौपासूनचं अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. चेम्पाका जमिनीला लागलं ते त्याच रात्री दहाच्या सुमारास, यांगजियांगजवळ. इन-फा जमिनीला लागलं थेट २५ जुलैला, झौशान बेटांवर. म्हणजे शहर बुडालं तेव्हा यांतलं एक वादळ किनाऱ्यापासून काही तास दूर होतं आणि दुसरं तब्बल पाच दिवस.

नावांबद्दल एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. 'चेम्पाका' हे मलेशियाने दिलेलं नाव, म्हणजे आपला चंपक, चाफा. 'इन-फा' मकाऊने दिलेलं, त्याचा अर्थ आतषबाजी.

वादळाच्या बातम्या ऐकताना आपलं लक्ष डोळ्यावर असतं: डोळा कुठे आहे, किनाऱ्याला कधी लागणार, वाऱ्याचा वेग किती. या प्रकरणात ती सगळी माहिती बरोबर होती, पण झेंगझौच्या माणसाच्या उपयोगाची नव्हती. तरीही या दोन वादळांना वगळून झेंगझौचा पाऊस समजत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, तेवढंच इथे उलगडायचं आहे.

पाण्याचा हिशेब

सुरुवात हिशेबाने करावी, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार टन पाणी. २०१.९ मिलिमीटर म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन लाख टन, एका तासात.

हे पाणी हवेत आधीपासून असतं का? नसतं. उन्हाळ्यातली अगदी दमट हवा घेतली आणि जमिनीपासून वरपर्यंतच्या स्तंभातलं सगळं बाष्प पिळून काढलं, तरी ६०-७० मिलिमीटर पाणी हाती लागतं. त्याहून जास्त क्वचितच. झेंगझौवर तासाभरात असे तीन स्तंभ पूर्ण पिळून रिते व्हावेत इतकं पाणी पडलं. प्रत्यक्षात ढग काही बाष्पाचा शेवटचा थेंबही पिळून काढत नाहीत. म्हणजे त्या तासात शहरावर आलेली हवा तीनहून कितीतरी जास्त वेळा बदलली गेली असणार. जुनी हवा वर चढायची, बाष्प टाकायची, वरच्या वर पसरून निघून जायची, आणि खाली तिच्या जागी नवी ओली हवा घुसायची. हे चाक थांबलं असतं तर पाऊसही थांबला असता.

म्हणून अशा पावसात विचारायचा पहिला प्रश्न 'ढग किती मोठा होता' हा नाही, 'पुरवठा कुठून येत होता' हा आहे. उत्तर आग्नेयेला आणि पूर्वेला, समुद्राकडे होतं.

जमिनीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंतच्या थरात समुद्राकडून हेनानकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहत होता. खालच्या थरातला झोतवाराच म्हणा. सेकंदाला १२ मीटर म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर; इतका वेग झाला की हवामानवाले त्या वाऱ्याला झोत म्हणू लागतात. या वेगाने दीड हजार किलोमीटर जायला पस्तीसेक तास लागतात. म्हणजे २० तारखेच्या दुपारी झेंगझौवर कोसळलेल्या पाण्यातला काही वाटा आदल्या दिवशी पहाटे अजून समुद्रावर होता. इन-फा त्या वेळी फार जबर वादळही नव्हतं, त्याचा खरा जोर नंतर वाढला. लांबच्या पावसाला वादळाची तीव्रता तितकी लागत नाही. त्याच्या भोवतीचं वाऱ्याचं वर्तुळ किती ऐसपैस आहे आणि त्या वर्तुळाच्या शेजारी कोण उभं आहे, यावर जास्त अवलंबून असतं.

शेजारी कोण होतं

शेजारी होता पश्चिम प्रशांतातला उपोष्ण जास्त दाबाचा प्रदेश. जुलैत तो असतोच, पण त्या आठवड्यात तो नेहमीपेक्षा बराच उत्तरेला, जपानच्या समुद्राकडे सरकून बसला होता. त्याच्या दक्षिणेला इन-फा.

उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट फिरतात आणि जास्त दाबाभोवती घड्याळाच्या दिशेने. कागदावर वरती 'जा' आणि खाली 'क' लिहून बाण काढून पाहा. दोघांच्या मधल्या पट्ट्यात दोन्हीकडचे बाण एकाच दिशेला वळतात, पूर्वेकडून पश्चिमेकडे. शिवाय जास्त आणि कमी दाब जवळजवळ आले की मधल्या समदाब रेषा दाटतात, वारा जोर धरतो. इन-फा आणि तो जास्त दाबाचा प्रदेश यांनी मिळून समुद्रापासून चीनच्या आतपर्यंत एक लांब पन्हळ तयार केली. या पन्हळीचा एक काठ वादळाने धरला होता, दुसरा जास्त दाबाने. एकाने काठ सोडला असता तर पाणी वाटेतच कुठेतरी सांडलं असतं.

तोच जास्त दाबाचा प्रदेश इन-फाला उत्तरेकडे झपकन निघूही देत नव्हता. त्याला पुढे ढकलणारे वारे मंद होते, म्हणून ते रेंगाळलं. पन्हळ दिवसेंदिवस जागची हलली नाही त्याचं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं पश्चिमेला होतं. तिथेही जमिनीवर जास्त दाब, आणि या दोन जास्त दाबांच्या बेचक्यात हेनानवर एक कमी दाबाचं क्षेत्र अडकून पडलेलं. त्याला ना पूर्वेकडे वाट, ना पश्चिमेकडे.

दोन वादळांचं आपसातलं नातं

दोन वादळं म्हटली की बहुतेकांना फुजिवारा परिणाम आठवतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ साकुहेई फुजिवारा यांनी १९२१ मध्ये पाण्यातल्या भोवऱ्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की एकाच दिशेने फिरणारे दोन भोवरे जवळ आले की एकमेकांभोवती घिरट्या घालू लागतात. चक्रीवादळांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसायचं तर दोघांमधलं अंतर साधारण १,४०० किलोमीटरच्या आत यावं लागतं. इन-फा आणि चेम्पाका यांच्यात दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर होतं. एकमेकांभोवती फेर धरल्याचा देखावा काही झाला नाही. पण फेर धरला नाही म्हणून त्यांचा परस्परांशी संबंध नव्हता, असं समजणं चूक. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात रंजक गोष्ट इथेच आहे.

पुन्हा बाण काढा. चेम्पाकाच्या पूर्व बाजूला वारे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणार. दक्षिण चीन समुद्रावरची ओली हवा उचलून ती आत ढकलायला हे वारे सोयीचे. म्हणजे चेम्पाका मदतनीस. पण त्याच पट्ट्याच्या पलीकडे इन-फाची पश्चिम बाजू आहे आणि तिथले वारे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणार. दोघांच्या मधोमध हे वारे एकमेकांच्या अंगावर येतात आणि एकमेकांचा जोर खातात. दक्षिणेकडचा पुरवठा किती आत पोचेल, हे मग दोघांपैकी कोणाचं वर्तुळ किती मोठं आणि कोण कुठे उभं आहे यावर ठरतं.

दुसरं भांडण पाण्याच्या वाटणीचं. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा मान्सूनचा ओला प्रवाह दक्षिण चीन समुद्र ओलांडून पूर्वेकडे जातो. या प्रवाहावर पश्चिमेला बसलेलं वादळ आधी हात मारतं, पूर्वेकडच्याला उरलेलं मिळतं. पंगतीत आधी बसलेल्याच्या पानात आधी वाढलं जावं तसं. त्यामुळे चेम्पाका जितकं भूक वाढवेल तितकी इन-फाच्या खुराकात काटछाट, आणि इन-फाचा खुराक बदलला की त्याचा आकार, मार्ग आणि हेनानकडे जाणारी पन्हळ हे सगळंच थोडंथोडं बदलणार.

म्हणून 'कोणत्या वादळामुळे पाऊस झाला' असं विचारलं की मी अडखळतो. पूर्वेकडची मुख्य पन्हळ इन-फाची, यात शंका घ्यायला जागा कमी. चेम्पाकाचा हात दुहेरी आहे: दक्षिणेचं बाष्प पुढे लोटणं आणि इन-फाच्या वाट्याला काय येईल हे बदलणं.

अभ्यासक हे तपासण्यासाठी संगणकी प्रारूपात वादळ पुसून पाहतात. १८ किंवा १९ जुलैची हवा प्रारूपात भरायची, त्यातून एका वादळाचा भोवरा अलगद काढून टाकायचा आणि पुढचे दोन दिवस चालवायचे. मग दुसरं काढायचं, मग दोन्ही. पद्धत चतुर आहे, पण तिचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चेम्पाका पुसलं की उरलेलं इन-फा पहिल्यासारखं राहत नाही, वाट बदलतं. मग पावसात पडलेला फरक चेम्पाका नसल्याचा की इन-फा दुसरीकडे गेल्याचा? दोन माणसांनी धरलेल्या चादरीतून एकाला बाजूला केलं तर चादर निम्मी खाली येत नाही, तिचा आकारच बदलतो. एका वादळाचा वाटा अमुक टक्के, दुसऱ्याचा तमुक, अशी बेरीज मांडलेली दिसली की मी ती सावधपणेच वाचतो.

शेवटचे शंभर किलोमीटर

इतकं सगळं झालं तरी ओली हवा नुसती येऊन भागत नाही, ती वर चढावी लागते. हेनानचा पूर्व भाग सपाट मैदान आहे. पश्चिमेला फुनिउ पर्वत, झेंगझौच्या नैर्ऋत्येला सोंगशान, वायव्येला ताइहांगची रांग. पूर्वेकडून आलेल्या वाऱ्यापुढे जणू परडी धरलेली. वारा आत शिरतो, पुढे डोंगर लागतो, चढण्याशिवाय गत्यंतर नाही.

शाळेत आपण पावसाचे तीन प्रकार पाठ केले होते: आरोह, प्रतिरोध आणि आवर्त. परीक्षेत तिन्ही वेगळे लिहायचे. झेंगझौत ते तिन्ही एकात एक मिसळले होते. डोंगरामुळे हवा चढत होती, प्रांतावर अडकलेल्या कमी दाबामुळे वारे एकवटत होते, आणि हवा इतकी उबदार-ओली होती की एकदा चढू लागली की स्वतःच्या हलकेपणाने चढतच जात होती.

तरीही या मोठ्या कारणांनी प्रांतभर दोन-तीनशे मिलिमीटर पाऊस समजतो, एका केंद्रावर तासात २०१.९ समजत नाही. त्यासाठी फार लहान आकाराची गोष्ट घडावी लागते, आणि ती घडली. २० तारखेच्या दुपारी गडगडाटी ढगांचा एक पुंजका शहरावर ठाण मांडून बसला. सहसा असे ढग पाऊस पाडता पाडता पुढे सरकतात. इथे नव्या पेशी, म्हणजे पुंजक्यातले एकेक गडगडाटी ढग, जवळपास त्याच जागी उगवत राहिल्या, जुन्या शहरावरच रित्या होत राहिल्या, आणि त्यांच्या पोटात एक छोटा भोवरा तयार होऊन भोवतालची हवा आत ओढत राहिला. पन्हळ हजार-दीड हजार किलोमीटरची आणि तिचं तोंड काही किलोमीटरचं. ते तोंड पन्नास किलोमीटर इकडेतिकडे झालं असतं तर विक्रम एखाद्या डोंगरकपारीत झाला असता.

२१ आणि २२ तारखेला मोठ्या पावसाचा पट्टा उत्तरेला सरकला आणि शिनशियांग, हेबी, आनयांग भागाला त्याने धुऊन काढलं. पुरवठा चालूच होता, तोंड तेवढं हललं.

१९७५ शी तुलना कुठे जमते, कुठे नाही

हेनानमध्ये मोठा पाऊस म्हटला की तिथल्या लोकांना ऑगस्ट १९७५ आठवतो. टायफून नीना किनारा ओलांडून आत आलं, त्याचे अवशेष हेनानवर रेंगाळले, लिनझुआंगला २४ तासांत १,०६० मिलिमीटर पाऊस झाला आणि ८ ऑगस्टच्या पहाटे बानचियाओ धरण फुटलं. २०२१ नंतर दोन्ही घटना एका दमात सांगितल्या जाऊ लागल्या. पण यंत्रणा वेगळी आहे. तेव्हा वादळाचं कलेवर स्वतः चालत हेनानमध्ये आलं होतं, त्याचा माग काढता येत होता. २०२१ मध्ये वादळ आलंच नाही, त्याने फक्त माल पाठवला.

खरी भावंडं दुसरीकडे सापडतात. सप्टेंबर २०१५ मध्ये जपानच्या कांतो-तोहोकू भागात झालेला पाऊस पाहा. एताऊ हे वादळ जपान ओलांडून जपानच्या समुद्रात गेलं आणि तिथे विरलं, तर किलो नावाचं दुसरं वादळ पूर्वेकडे प्रशांतात होतं. एकाकडून येणारे दक्षिणेचे ओले वारे आणि दुसऱ्याकडून येणारे आग्नेयेचे वारे मधल्या पट्टीत भिडले. उत्तर-दक्षिण पसरलेली पावसाची अरुंद रेघ तासन्‌तास तिथेच राहिली. तोचिगी प्रांतात इकारीला २४ तासांत ५५१ मिलिमीटर पाऊस झाला आणि १० सप्टेंबरला किनू नदीचा बांध जोसो शहराजवळ फुटला.

एकाच वादळाचं उदाहरण हवं तर ऑगस्ट २००७ चं एरिन. वादळाचे अवशेष ओक्लाहोमा-टेक्ससकडे असताना कितीतरी उत्तरेला मिनेसोटातल्या होका इथे २४ तासांत ३८३ मिलिमीटर पाऊस झाला, त्या राज्यातला विक्रम. अमेरिकी अभ्यासकांनी अशा पावसाला वादळाच्या पुढे धावणारा पाऊस म्हणून वेगळं नाव दिलं आणि त्याचे नियम शोधायला घेतले. झेंगझौ त्याच कुळातलं, फक्त इथे पुढे धावणाऱ्या पावसामागे वादळं दोन होती, आणि दोघांपैकी एकही त्याच्या मागून झेंगझौत पोचलं नाही.

इशारा

पावसाला 'हजार वर्षांतून एकदा' असं म्हटलं गेलं. झेंगझौ केंद्राच्या नोंदी १९५१ पासूनच्या आहेत. सत्तर वर्षांच्या वहीतून हजार वर्षांचं भाकीत काढणं गणिताला पेलत नाही, आणि असल्या शब्दांनी जबाबदारीचा प्रश्न मात्र हळूच बाजूला सरकतो. त्याच प्रांतात १९८.५ मिलिमीटरचा तास १९७५ मध्ये होऊन गेला होता, हे विसरून चालत नाही.

अंदाजवाल्यांना मोठ्या नकाशावरचं चित्र आधीच दिसलं होतं. उत्तरेला सरकलेला जास्त दाब, रेंगाळणारं इन-फा, पन्हळीचा हेनानकडे रोख: एवढ्यावरून प्रांतात अतिवृष्टी होणार हे सांगता आलं आणि सांगितलंही गेलं. त्या पुंजक्याची नेमकी जागा आणि तासाचे २०० मिलिमीटर मात्र आदल्या दिवशी कोणी सांगू शकलं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. लांबची वादळं दिवसांची मुदत देतात, पण ती प्रांताच्या पातळीवर. शहराच्या पातळीवर हातात उरतात ते तास. तेव्हा दिवसांची मुदत असताना जे करायचं, पंप लावणं, भुयारी रस्ते बंद करायची तयारी, शाळा-कचेऱ्यांना सुट्टी, ते नेमक्या आकड्याची वाट न पाहता करावं लागतं.

जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या केंद्रीय सरकारचा चौकशी अहवाल आला. हेनानमध्ये ३९८ जण मृत किंवा बेपत्ता, त्यातले ३८० एकट्या झेंगझौचे. झेंगझौने आधी १३९ जणांची माहिती दडवली होती, हेही त्यात आहे. भुयारी रेल्वेच्या पाच क्रमांकाच्या मार्गावर १४ जण गेले, जिंगग्वांग रस्त्याच्या बोगद्यात सहा.

त्या अहवालातल्या वेळा त्या तासाच्या शेजारी ठेवून वाचाव्यात. झेंगझौच्या हवामान केंद्राने अतिवृष्टीचा पहिला लाल इशारा १९ जुलैच्या रात्री दहाला एक मिनिट कमी असताना दिला. पाचवा लाल इशारा २० तारखेला चार वाजून एक मिनिटाने आला. शहराने सर्वोच्च पातळीची आपत्कालीन व्यवस्था लागू केली साडेचारला, म्हणजे २०१.९ मिलिमीटरचा तास निम्मा सरल्यावर. पाच क्रमांकाच्या मार्गावरच्या गाड्या तेव्हाही धावत होत्या.